मागण्याआधी आणि मिळाल्यानंतर

मायकेल ब्लूमबर्ग १९६४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी विद्यापीठाला पहिली देणगी पाठवली. रक्कम होती ५ डॉलर. त्या वेळी त्यांना तेवढंच परवडत होतं. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ती जगभर पसरली, ते न्यू यॉर्कचे महापौर झाले. १९९६ ते २००२ या काळात ते जॉन्स हॉपकिन्सच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षही होते. आणि २०१८ मध्ये त्यांनी याच विद्यापीठाला १८० कोटी डॉलर दिले. हेतू एकच होता: हुशार मुलाला केवळ घरच्या परिस्थितीमुळे प्रवेश नाकारला जाऊ नये.

या दोन देणग्यांमध्ये ५३ वर्षांचं अंतर आहे. शेवटची रक्कम ऐकून आपण थक्क होतो, पण विद्यापीठ चालवणाऱ्यांनी अभ्यासायला हवीत ती मधली वर्षं. त्या काळात हा माजी विद्यार्थी संस्थेच्या जवळ राहिला, लहान देणगीकडून मोठ्या देणगीकडे सरकत गेला, कारभारात सहभागी झाला आणि संस्थेची नेमकी गरज त्याला आतून कळली. देणगी मागणं हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत छोटा टप्पा आहे. खरं काम मागण्याआधी होतं आणि पैसे मिळाल्यानंतर होतं. पाश्चात्त्य विद्यापीठांनी या कामाचा एक रीतसर व्यवसाय घडवला. आपल्याकडच्या थोर शिक्षणसंस्थापकांनी ते काम अंगभूत निष्ठेने केलं. आजच्या आपल्या महाविद्यालयांना मात्र दोन्हींकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

एका पुस्तिकेपासून सुरुवात

हार्वर्ड महाविद्यालय स्थापन झालं १६३६ मध्ये. पाचच वर्षांनी, १६४१ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने तिघांना मदत गोळा करायला इंग्लंडला पाठवलं. तिथे गेल्यावर त्यांना कळून चुकलं की नुसतं तोंडी सांगून भागत नाही, लोकांना काहीतरी छापील दाखवावं लागतं. त्यातून १६४३ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिका निघाली. महाविद्यालय कशासाठी आहे, तिथे काय शिकवतात, नियम कोणते, हे सगळं तिच्यात मांडलेलं होतं. आजच्या माहितीपत्रकांची ती पूर्वज म्हणता येईल. त्याच वर्षी ॲन रॅडक्लिफ या लंडनमधल्या बाईंनी १०० पौंड दिले आणि त्यातून हार्वर्डची पहिली शिष्यवृत्ती उभी राहिली. सुमारे अडीचशे वर्षांनी, १८९४ मध्ये, हार्वर्डच्या शेजारी मुलींच्या महाविद्यालयाला सनद मिळाली तेव्हा त्याला रॅडक्लिफ हेच नाव देण्यात आलं. संस्था किती काळ कृतज्ञ राहू शकते, हे यावरून दिसतं.

येल विद्यापीठाचं नाव तर थेट मद्रासशी जोडलेलं आहे. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर. तिथे अमाप पैसा कमावून तो इंग्लंडला परतला. कनेक्टिकटमधल्या एका धडपडणाऱ्या महाविद्यालयाच्या वतीने त्याला १७१८ मध्ये पत्र गेलं. मदत केलीत तर संस्थेला तुमचं नाव मिळू शकेल, असं त्यात सुचवलं होतं. येलने मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं चित्र पाठवलं. माल विकून सुमारे ५६२ पौंड आले. मद्रासमधल्या त्याच्या कारकिर्दीचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध होता, आणि त्या नावाचा हिशेब विद्यापीठाला आजही चुकता करावा लागतो आहे. नाव देताना आज सोय पाहिली जाते, पण ते नाव पुढच्या पिढ्यांना वागवावं लागतं.

याच येलने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला. प्रत्येक वर्षाच्या तुकडीतला एकजण आपल्या वर्गमित्रांना दरवर्षी पत्र लिहायचा. कुलगुरूंच्या सहीच्या छापील पत्रापेक्षा बाकावर शेजारी बसलेल्या मित्राची चिठ्ठी जास्त काम करते, ही जाण त्यामागे होती. पुढे चार्ल्स वॉर्ड या ख्रिस्ती युवक संघटनेच्या कार्यकर्त्याने मोहिमेचं तंत्र बसवलं: ठरावीक मुदत, जाहीर उद्दिष्ट, स्वयंसेवकांच्या तुकड्या आणि रोज किती जमले ते चौकात दाखवणारं मोठं घड्याळ. १९१४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने ३० लाख डॉलर जमवण्यासाठी त्यालाच बोलावलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, हार्वर्डने प्राध्यापकांचे पगार वाढवण्यासाठी दीड कोटी डॉलरची मोहीम काढली आणि जवळपास ती रक्कम गाठली. तिथून पुढे निधी उभारणं हे विद्यापीठातलं नेहमीचं खातं झालं, त्याची माणसं वेगळी नेमली जाऊ लागली. १९७४ मध्ये त्यांच्या जुन्या संघटना एकत्र येऊन एक मोठी व्यावसायिक संस्थाही स्थापन झाली.

पाच पायऱ्या

या खात्याचं रोजचं काम समजून घ्यायचं तर बक स्मिथ यांनी घातलेल्या पाच पायऱ्या पाहाव्यात. कॉर्नेल विद्यापीठ आणि वूस्टर महाविद्यालय इथल्या अनुभवातून त्यांनी त्या मांडल्या. पहिली पायरी माणूस ओळखण्याची: संस्थेशी कुणाचं नातं आहे आणि देण्याची ऐपत कुणाची आहे. दुसरी त्याच्याविषयी जाणून घेण्याची. तिसरी त्याच्या मनात संस्थेच्या आजच्या कामाविषयी रस निर्माण करण्याची. चौथी त्याला प्रत्यक्ष कामात ओढण्याची: विद्यार्थ्यांपुढे बोलायला, अभ्यासक्रम समितीवर सल्ला द्यायला, मुलांना नोकरीच्या मुलाखतींसाठी तयार करायला. आणि शेवटची पायरी देणगीची. चौथी पायरी नीट चढून झाली असेल तर पाचवीवर अडायला होत नाही, कारण तोवर त्या माणसाला ही गरज आपलीच वाटू लागलेली असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी मारली जाते. वीस वर्षं ज्याला साधं पत्र गेलं नाही, त्याला इमारत निधीचं आवाहन जातं.

मोठ्या मोहिमेचंही एक गणित असतं. उद्दिष्टाचा फार मोठा भाग थोड्याच देणगीदारांकडून येतो. म्हणून अनुभवी लोक आधी कागदावर तक्ता मांडतात: सर्वांत मोठी देणगी किती हवी, तिच्या निम्म्या किती, त्याहून लहान किती, आणि अशी एकेक देणगी मिळण्यासाठी किती जणांना भेटावं लागेल. मग मोहीम गाजावाजा न करता सुरू होते. विश्वस्त आधी स्वतः देतात, जवळचे मोठे देणगीदार शब्द देतात. निम्म्याहून अधिक रक्कम पक्की झाल्यावरच जाहीर घोषणा होते.

हा अनुभव प्रयोगांतही खरा ठरला आहे. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली या अर्थशास्त्रज्ञांनी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठासाठी संगणक घ्यायच्या निमित्ताने घरोघरी पत्रं पाठवली. काही पत्रांत उद्दिष्टाची १० टक्के रक्कम आधीच जमली आहे असं लिहिलं होतं, काहींत ३३ टक्के, काहींत ६७ टक्के. १० टक्क्यांच्या पत्रांपेक्षा ६७ टक्क्यांच्या पत्रांना जवळपास सहापट रक्कम आली. काम तडीस जाणार याची खात्री असली की माणसाचा हात सैल सुटतो.

लिस्ट आणि डीन कार्लन यांच्या २००७ मधल्या दुसऱ्या प्रयोगात सुमारे ५० हजार जुन्या देणगीदारांना पत्रं गेली. तुम्ही द्याल तेवढीच भर दुसरा देणगीदार घालेल, असं सांगितल्यावर दर पत्रामागची मिळकत १९ टक्क्यांनी वाढली. पण भर दुप्पट-तिप्पट करण्याचं आश्वासन दिल्याने त्यापुढे काहीच फरक पडला नाही. ज्या मोठ्या देणगीदाराला आपल्या पैशाने इतरांनाही पुढे आणायचं आहे, त्याला हे जरूर सांगावं.

तिसरा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिशिगन विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणगी मागण्याचं काम काही तरुण करत. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या काहींची एका विद्यार्थ्याशी गाठ घालून दिली. याच देणग्यांतून दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो शिकत होता. भेट जेमतेम पाच मिनिटांची. महिन्याभरानंतर या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. मागणाऱ्याला आपण कुणासाठी मागतो आहोत हे डोळ्यांनी दिसलं की त्याच्या बोलण्यातलं सगळंच बदलतं. तेच देणाऱ्यालाही लागू आहे.

आणि एक प्रयोग उलट धडा देणारा. अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या आणि एका स्वयंसेवी संस्थेच्या मिळून सुमारे ५ लाख देणगीदारांपैकी काहींना आभाराचे फोन केले गेले, काहींना नाही. पुढच्या देणग्यांत फरक पडला नाही. आभार मानू नयेत असा याचा अर्थ नाही. एकाच साच्यातले, कुणीही कुणालाही म्हणावेत असे धन्यवाद माणसाला स्पर्श करत नाहीत, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो. देणगीदाराला हवं असतं ते वर्तमान: माझ्या पैशाचं काय झालं?

महाराष्ट्रात हे कसं घडलं

आपल्याकडचा इतिहासही मोठा आहे. मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले ते प्रेमचंद रायचंद यांच्या ४ लाख रुपयांवर. त्यांनी ते १८६४ मध्ये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. अमेरिकन यादवीमुळे तेव्हा मुंबईत कापसाच्या व्यापाराला उधाण आलं होतं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि प्रेमचंद स्वतःच बुडाले. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे. एका माणसाच्या भरभराटीचा काळ थोडा असतो. तेवढ्यात त्याचं देणं संस्थेच्या हाती आलं तर ते त्याच्या पडत्या काळापलीकडेही टिकतं. देणगीचा शब्द मिळाला की ती लवकर जमा करून घ्यावी, याला व्यवहाराइतकीच माणुसकीचीही बाजू आहे.

पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये निघाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झालं. टिळक-आगरकरांची नावं सर्वांना ठाऊक आहेत, पण दक्षिणेतल्या संस्थानिकांकडे जाऊन निधी उभा करण्याची धडपड मुख्यतः महादेव बल्लाळ नामजोशी यांची. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनीही इमारतीसाठी गावोगाव हिंडून पैसे गोळा केले. त्यांच्या मागणीला वजन होतं, कारण मागणारे स्वतः संस्थेचे आजीव सदस्य होते. वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवण्याची त्यांनी प्रतिज्ञा केली होती. ज्याने आपलं उमेदीचं आयुष्य दिलं आहे, तो दारात उभा राहिला की संस्थानिकालाही नाही म्हणणं जड जात असे.

या परंपरेतली सर्वांत समृद्ध कथा महर्षी धोंडो केशव कर्वे यांची. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन करताना त्यांनी आधी स्वतःची शिल्लक, हजार रुपये, आश्रमाला दिली आणि मग लोकांपुढे हात पसरला. सुट्ट्यांत वर्गणीसाठी गावोगाव फिरायचं, आलेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवायचा आणि तो अहवालात छापून लोकांपुढे ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढताना त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. दरवर्षी ठरावीक लहान वर्गणी भरणारे पदवीधर आणि इतर हितचिंतक यांचे मतदारसंघ केले आणि सिनेटवर प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार त्यांना दिला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले, रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू. सरकारी मान्यता नव्हती, मोठा भांडवलदार पाठीशी नव्हता. होते ते शेकडो वर्गणीदार, आणि त्यांचा विद्यापीठाच्या कारभारात वाटा होता. देणगीदाराला सहभागी करून घ्यावं, हे आज प्रशिक्षणवर्गांत शिकवलं जाणारं तत्त्व कर्व्यांनी थेट विद्यापीठाच्या घटनेत आणलं होतं.

मोठी देणगी आली ती चार वर्षांनी. कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली होती जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेवरून. १९१९ च्या सुमारास मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासाला गेले असता त्यांनी टोकियोत तेच विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलं. तसं कर्व्यांचं काम पुण्याजवळ हिंगण्यात चालू होतंच. १९२० मध्ये त्यांनी १५ लाख रुपये देऊ केले. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांवरचं वर्षाचं व्याज ५२,५०० रुपये विद्यापीठाला मिळू लागलं. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या आईचं नाव मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. १९३६ मध्ये त्याचं मुख्य केंद्र मुंबईला गेलं. इतकी मोठी देणगी पदरात पडल्यावरही कर्वे थांबले नाहीत. १९२९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले आणि भेटेल त्या भारतीयाला आणि परदेशी हितचिंतकाला विद्यापीठाची गोष्ट सांगत राहिले. एका मोठ्या देणगीदारावर विसंबून लहान वर्गणीदारांना विसरायचं नाही, हे त्यांनी आचरणाने दाखवलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांची वाट आणखी वेगळी. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली तेव्हा त्यांच्यासमोर संस्थानिक किंवा गिरणीमालक नव्हते, शेतकरी होते. रोखीने देणं ज्यांना अवघड, त्यांच्याकडून त्यांनी धान्य घेतलं. घराघरांतल्या बायका संस्थेसाठी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं. त्या मूठभर धान्याची किंमत फार नसेल, पण ज्या घरातून ते निघालं त्या घराला शाळा आपली वाटू लागली आणि पुढे मुलगा त्याच शाळेत गेला. देणाऱ्यांची संख्या ही रकमेइतकीच मोलाची असते, हे रयतेने शिकवलं.

मिळालेला पैसा सांभाळणं

देणगीचे दोन प्रकार असतात. एक लगेच खर्च करण्याची, दुसरी कायम निधीत ठेवून तिचं उत्पन्न वापरण्याची. हार्वर्डचा कायम निधी ५,००० कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे, पण ती एकच थैली नाही. तो १४ हजारांहून अधिक वेगवेगळ्या निधींचा संच आहे आणि त्यातल्या बहुतेकांवर दात्यांच्या अटी आहेत: हा पैसा अमुक अध्यासनाला, तो अमुक शिष्यवृत्तीला. अशी विद्यापीठं साधारणतः दरवर्षी निधीच्या चार-पाच टक्के खर्च करतात आणि उरलेली वाढ मुद्दलात राहू देतात. त्यामुळे महागाई वाढली तरी शिष्यवृत्तीची किंमत घटत नाही.

आपल्या महाविद्यालयांत कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या पारितोषिकांची यादी मोठी असते. ठेव बँकेत, व्याज सगळंच्या सगळं वाटून टाकायचं, मुद्दल तेवढंच. महागाई दरसाल पाच टक्के धरली तर चौदा वर्षांत त्या रकमेचं मोल निम्मं होतं. म्हणूनच कधीकाळी मुलाची वर्षाची पुस्तकं भागवणारं पारितोषिक आज एका वहीच्या किमतीचं उरतं. व्याजातला काही भाग मुद्दलात परत घालण्याची अट सुरुवातीलाच लिहून घेतली तर हे टळतं. ज्यांची पारितोषिकं अशी आटली आहेत त्यांच्या मुला-नातवंडांना संस्थेने मोकळेपणाने लिहावं. आजोबांच्या नावाचं पारितोषिक पुन्हा सशक्त करावं असं अनेकांना मनापासून वाटेल, पण त्यांना कुणी कळवतच नाही.

अटी पाळण्यात कसूर झाली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण प्रिन्स्टनचं आहे. १९६१ मध्ये रॉबर्टसन दांपत्याने साडेतीन कोटी डॉलर दिले ते विद्यार्थ्यांना सरकारी सेवेसाठी, विशेषतः परराष्ट्र व्यवहारासाठी तयार करण्याकरता. पैसा मूळ हेतूसाठी वापरला जात नाही, असा आरोप करून त्यांच्या कुटुंबाने २००२ मध्ये विद्यापीठाला न्यायालयात खेचलं. सहा वर्षांनी तडजोड झाली आणि विद्यापीठाला ९ कोटी डॉलर मोजावे लागले. येलनेही १९९१ मध्ये पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी मिळालेले २ कोटी डॉलर चार वर्षांनी दात्याला परत केले, कारण दोघांचं जमेना. देणगी स्वीकारताना हेतू, अटी आणि परिस्थिती बदलल्यास काय करायचं, हे सगळं कागदावर असणं दोघांच्याही हिताचं आहे.

काही देणग्या नाकाराव्याही लागतात. महाविद्यालयाला दिलेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव बदलण्याच्या अटीवर देऊ केलेली मोठी रक्कम भाऊरावांनी धुडकावल्याची गोष्ट सातारा भागात आजही सांगितली जाते. अशा ठामपणामुळे संस्था गरीब होत नाही. उलट तिच्याकडे देण्याजोगं काय आहे, ते लोकांना कळतं.

आज आपण कुठे आहोत

मुंबईच्या आयआयटीने या क्षेत्रात भारतात वाट घालून दिली. १९९६ मध्ये तिच्या अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांनी तिथे स्वतंत्र धर्मादाय संस्था स्थापन केली. पवईत माजी विद्यार्थ्यांशी संबंध राखण्यासाठी स्वतंत्र अधिष्ठाता आहेत. पदवीला पंचवीस किंवा पन्नास वर्षं झाली की त्या तुकडीने मिळून एखादी भेट द्यायची, असा प्रघात पडला आहे. १९९८ च्या तुकडीतल्या दोनशेहून अधिक जणांनी रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने मिळून ५७ कोटी रुपये देऊ केले. नंदन निलेकणी १९७३ मध्ये या संस्थेत दाखल झाले होते. त्या नात्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०२३ मध्ये, त्यांनी ३१५ कोटी रुपये दिले. पण त्याआधी ते ८५ कोटी रुपये देऊन चुकले होते, आणि त्यातून वसतिगृहांपासून अनेक कामं झाली होती. इथेही पायऱ्या दिसतात.

आयआयटीकडे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, आमच्याकडे कुठले, असं अनेक प्राचार्य म्हणतात. मला हे पटत नाही. जिल्ह्याच्या गावातल्या कला-वाणिज्य महाविद्यालयातूनही डॉक्टर, वकील, अधिकारी, बागायतदार, ठेकेदार, शिक्षक बाहेर पडलेले असतात. उणीव आहे ती नोंदींची. पदवी विद्यापीठाची, आठवणी महाविद्यालयाच्या आणि पत्ता कुणाकडेच नाही, अशी अवस्था असते. नॅक या राष्ट्रीय संस्थेकडून होणाऱ्या महाविद्यालयांच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्यामुळे संघ नोंदवले जातात. मूल्यांकन आटोपलं की त्यांची फाईल कपाटात जाते. मुंबई-पुण्यात, आखातात, अमेरिकेत गेलेला मुलगा गावाकडच्या देवळाला आणि यात्रेला आठवणीने वर्गणी पाठवतो, कारण तिथून दरवर्षी निरोप येतो. महाविद्यालयाकडून येत नाही.

कायद्याचं थोडं ज्ञानही हवं. '८० जी' या नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, पण नवी करपद्धती निवडलेल्यांना ती मिळत नाही. म्हणून केवळ कर वाचेल एवढ्याच मुद्द्यावर आवाहन बेतू नये. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगी विदेशी अंशदान ठरते. तिच्यासाठी संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम मात्र त्यात मोडत नाही. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. पण त्यांना नेमका प्रस्ताव, मुदत आणि मोजता येईल असं फलित हवं असतं.

सुरुवात कुठून करायची

एखाद्या महाविद्यालयाला येत्या जूनपासून हे काम मनावर घ्यायचं असेल तर मोठं कार्यालय लागत नाही. एक जबाबदार माणूस लागतो, आणि त्याची दर दोन वर्षांनी बदली होता कामा नये. त्याने पहिलं वर्ष केवळ शोधण्यात घालवावं: जुनी प्रवेश रजिस्टरं, वार्षिकांकांतले फोटो, निवृत्त शिक्षक आणि शिपाई यांच्या आठवणी. निवृत्त शिक्षकाचा फोन माजी विद्यार्थी कधीही टाळत नाही. प्रत्येक तुकडीत एक प्रतिनिधी नेमावा. वर्षातून दोनदा पत्र जावं, त्यात आवाहन नसावं, फक्त संस्थेची खबर असावी. वसतिगृहात राहून पहिली आलेली मुलगी, प्रयोगशाळेत आलेलं नवं यंत्र, बंद पडलेला आणि पुन्हा सुरू झालेला नाट्यविभाग. मेळावा भरला तर त्यात भाषणं कमी आणि आजच्या विद्यार्थ्यांशी गप्पा जास्त असाव्यात.

पहिली मागणी लहान आणि नेमकी ठेवावी. इमारत निधी असं मोघम म्हणण्याऐवजी, प्रवासखर्चाअभावी शिक्षण सोडू पाहणाऱ्या वीस मुलींचा एसटीचा वर्षाचा पास, असं सांगावं. संस्थाचालकांनी आणि प्राध्यापकांनी यादीत आपली नावं आधी घालावीत. आकडा पूर्ण होत आला की सर्वांना कळवावं. पास मिळालेल्या मुलींनी स्वतःच्या शब्दांत काही लिहिलं तर ते द्यावं, मात्र त्यांच्या गरिबीचं प्रदर्शन मांडू नये. मदत घेणाऱ्याचा मान राखणं हेही याच कामाचा भाग आहे. वर्षअखेरीस जमाखर्च छापावा आणि १०० रुपये देणाऱ्यालाही तो पाठवावा. निधी जमवणाऱ्याला टक्केवारीवर मोबदला कधीही देऊ नये. या व्यवसायाच्या आचारसंहितेत त्याला मनाई आहे, कारण टक्केवारी आली की देणगीदाराचं हित मागे पडतं.

असं चार-पाच वर्षं सातत्याने केलं तर एक दिवस कुणीतरी आपणहून विचारतं, आणखी काय लागतं तुम्हाला? त्या प्रश्नाचं उत्तर संस्थेकडे तयार असायला हवं: कोणत्या विषयाचं अध्यासन, किती खोल्यांचं वसतिगृह, किती मुलांची शिष्यवृत्ती, आणि त्यासाठी नेमके किती रुपये. सरकारी अनुदान अपुरं पडत असताना आणि शुल्क वाढवलं की गरीब मुलंच गळत असताना, हे उत्तर तयार ठेवणं हे प्रत्येक संस्थेचं कर्तव्य आहे. महाराष्ट्रातली कितीतरी जुनी महाविद्यालयं लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या विश्वासावर उभी राहिली. तो विश्वास वारसा म्हणून मिळत नाही, प्रत्येक पिढीला हिशेब देऊन तो नव्याने कमवावा लागतो.